चोवीस-सत्तर की चोवीस-एकशेपाच?

लग्नाचे फोटो काढणाऱ्यांकडे फोटोंपेक्षा किस्सेच जास्त साठतात. मेमरी कार्ड निदान फॉरमॅट तरी करता येतं! कोल्हापुरातल्या आमच्या स्टुडिओत तर एका लेन्सवरूनच एवढे साठलेत, की काय सांगू.

चिऊ झाल्यापासून दीड वर्ष मी स्टुडिओत बसून पासपोर्ट फोटो काढत होते. मग शिरोळचं एक लग्न आलं. नवरीची अटच होती, "बाई फोटोग्राफरच पाहिजे." माझा नवरा सुहास त्याच दिवशी गारगोटीच्या लग्नात, आणि आमची एकुलती एक झूम लेन्स त्याच्याबरोबर. म्हणजे मला नवी घेणं भाग होतं. चोवीस-सत्तर की चोवीस-एकशेपाच? पहिलीत उजेड जास्त येतो, दुसरी लांबचं जवळ आणते. प्रश्न एवढाच. पण फोटो बिघडले असते, तर "पोर झाल्यापासून हिला जमत नाही" असं लोक म्हणाले असते. आणि मला ते आधीच अर्धं पटलेलं!

* * *

पहिला सल्ला आबांचा. आबा म्हणजे आमच्या लाइनीतले सगळ्यात जुने, रोलच्या जमान्यातले.

"लेन्सचं काय घिऊन बसलीयास? लग्नात खरी झूम एकच. पाय! फुडं सरकायचं, मागं सरकायचं."

हे सांगताना आबा एका खुर्चीवर आणि त्यांचे पाय दुसऱ्या खुर्चीवर.

"पर माझं गुडघं गेल्यात," ते म्हणाले. "तू आपली एकशेपाचच घे."

* * *

मग फोटोग्राफरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं. संध्याकाळपर्यंत ग्रुपमध्ये दोन पक्ष! सत्तरवाले एकशेपाचवाल्यांना "अंधारातले" म्हणाले, एकशेपाचवाले सत्तरवाल्यांना "आखूड". ॲडमिन चिडून ग्रुप सोडून गेला.

शेवटी कोडोलीच्या एकानं विचारलं, "ताई, पर तुमचा कॅमेरा कुठला हाय?"

तोवर हे कुणी विचारलंच नव्हतं. आणि मीही सांगितलं नव्हतं!

* * *

दुकानात गेले, चिऊ कडेवर. दुकानदारानं दोन्ही लेन्स काउंटरवर ठेवल्या. मी दोन्हींचा नीट विचार करत होते, तेवढ्यात चिऊनं वाकून एकीच्या काचेला थेट जीभ लावली.

मी घाईघाईनं ओढणीनं पुसायला लागले.

"ऱ्हाऊ द्या वैनी," दुकानदार म्हणाला. "उष्टी लेन्स आमी परत ठेवत न्हाय."

अशी सखोल तांत्रिक तुलना करून मी चोवीस-सत्तर घेतली.

* * *

घरी सासूबाईंनी लेन्स हातात घेऊन तोलली. "आगं बया, केवढी जड! दिसभर धरणार तू ही?"

"हो, सवय आहे मला."

"मग चिऊला घेताना तेवढा हात दुखतोय व्हय तुझा?"

* * *

लग्नात भावकीचा ग्रुप फोटो. लेन्स सगळ्यात रुंद, चोवीसवर ठेवूनसुद्धा माणसं मावेनात. मी मागं मागं जात कूलरला टेकले.

"काका, दोन्ही टोकं जरा आत या."

"आमी का आत यायचं? तुमची लेन्स मोठी करा की!"

शेवटी मधोमध हात दाखवून दोन गट केले आणि दोन फोटो काढले. सगळे एकदम खूश. नंतर कळलं, बांधावरून कोर्टात जी केस चालू आहे, तिच्यातले वादी एका फोटोत आले होते आणि प्रतिवादी दुसऱ्यात!

* * *

मग पाठवणी. लांबून सत्तर पुरेना, म्हणून मी अगदी नवरीच्या पुढ्यात गेले. नवरीच्या आईनं तिला मिठी मारली, आणि मला कॅमेऱ्यात सगळं एकदम धूसर. फोकसची रिंग इकडं फिरवली, तिकडं फिरवली. धूसरच! म्हटलं, संपलं. गेली लेन्स, आणि गेले मी.

"ताई," नवरी म्हणाली, "आदी डोळं पुसा की!"

आणि पदरानं तिनंच पुसले.

मांडवपरतणीला माहेरी आलेली नवरी आल्बमचे फोटो निवडायला स्टुडिओत आली. मी जीव मुठीत धरून पाठवणीचे फोटो एकेक करून दाखवले. फोकसमधले, देवाच्या दयेनं, बरेच निघाले. ती सगळे बघून म्हणाली, "झ्याक हायत. पर पहिल्या पानावर ह्यो पायजे." आणि स्वतःचा मोबाइल पुढं केला.

तिच्या मामानं काढलेला फोटो. त्यात नवरी हसतेय, नवी लेन्स छातीशी धरून मी रडतेय आणि तिच्या शालूचा पदर माझ्या गालावर.

सुहासनं मोबाइल हातात घेतला. दोन बोटांनी फोटो मोठा केला.

मग म्हणाला, "लेन्स मात्र शार्प आलीय!"