सांगितलं होतं तिनं

शरदिनीबाई ब्रह्मा घाटाजवळच्या एका मुलींच्या शाळेत मराठी शिकवायच्या आणि संध्याकाळी मुलींना खो-खो खेळवायच्या. १९३६ साली काशीत मुली मैदानात पळतात म्हटलं की घरोघरी कपाळाला आठ्या पडत. बाईंनी दारोदार जाऊन, वडिलांची मनधरणी करून कशाबशा नऊ जणी जमवल्या होत्या. त्यांत सगळ्यांत चपळ बकुळ, यज्ञेश्वरशास्त्र्यांची चौदा वर्षांची लेक.

माघात कमच्छाकडच्या एका शाळेशी सामना ठरला. दोन दिवस आधी सरावात वळताना बकुळचा पाय मुरगळला. ती लंगडतच बाईंकडे आली.

"बाई, मोच आली. कट् असा आवाज झाला आतून."

घोटा टरारून सुजला होता. बाईंनी दाबून पाहिला, तशी बकुळ कळवळली. पण दहावी मुलगी नव्हती, आणि एवढ्या खटपटीनं ठरलेला सामना मोडला तर मुली पुन्हा घराबाहेर पडणार नव्हत्या.

"घट्ट पट्टी बांधू," बाई म्हणाल्या. "परवा थोडंच तर पळायचंय."

सामन्याच्या दिवशी संकष्टी होती. बकुळ चंद्रोदयापर्यंत पाण्याखेरीज काही घेत नसे, हेही बाईंना ठाऊक होतं. बाकीच्या मुलींना त्यांनी चणे-गूळ वाटला. बकुळला उपासाला चालणारं दूध, रताळं असं काही आग्रह करून देता आलं असतं; त्यांच्या मनातही आलं नाही. दुसऱ्या डावात तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि खांबाशी वळताना तोच पाय पार दुमडला. ती ओरडलीसुद्धा नाही. मातीत बसून राहिली.

बाईंनी तिला घरी पोचवलं. नीलकंठवैद्य आले. पाय तपासून त्यांनी मान हलवली.

"हा आज दुखावलेला नाही. पहिल्यांदा मुरगळला तेव्हाच ही स्वस्थ बसली असती, तर तीन-चार आठवड्यांत धावली असती. आता शीर फाटलीय. सुजल्या पायावर हिला पळवलं कोणी?"

शास्त्रीबुवांनी बाईंकडे पाहिलं.

"मला काही बोललीच नाही ती," बाई म्हणून गेल्या.

शास्त्री लेकीवर कडाडले. "खेळापायी दुखणं लपवलंस? खोटारडी!" बकुळनं एकदा बाईंकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

वैद्यांनी सांगितलं होतं, पाय उशीवर उंच ठेवायचा, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवायच्या, आणि सूज आहे तोवर तेल लावून चोळायचं नाही. बाई रोज शाळा सुटल्यावर जायच्या, पट्ट्या बदलायच्या. सूज ओसरल्यावर हलक्या हातानं घोटा फिरवून घ्यायच्या. बकुळ सांगितलेलं सगळं करी, बोलत मात्र नसे. घरी बाईंना घास गोड लागेना. सांगायचंच असं ठरवून त्या निघायच्या आणि पट्ट्या बदलून परत यायच्या.

महिन्याभरानं एकदा शास्त्री दारापर्यंत पोचवायला आले. "बाई, लेक खोटं वागली, तरी तुम्ही तिची सेवा करताय. तुमचे उपकार..."

"ती खोटं वागली नाही," बाई मध्येच म्हणाल्या. "तिनं मला सांगितलं होतं. सूज मी पाहिली होती. मीच पळवलं तिला, तेही उपाशी. खोटं मी बोलले."

शास्त्री दारातूनच मागे वळले. मग आत जाऊन लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मी उगाच बोललो तुला." इतके दिवस दुखण्यानंही न रडलेली बकुळ तेव्हा हुंदके देऊन रडली. शांत झाल्यावर तिनं दारातल्या बाईंना विचारलं, "त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"भ्यायले गं."

शास्त्रींनी त्यांना पुन्हा येऊ नका असं सांगितलं नाही, या असंही म्हणाले नाहीत. बाई दुसऱ्या दिवशी गेल्या. पायरीवर जरा थांबल्या, मग आत गेल्या.

बकुळ चालू लागली, पण घोटा पहिल्यासारखा भक्कम झाला नाही. मैदानात ती परतली नाही. पुढे बाई प्रत्येक मुलीला आधी विचारायच्या, काय खाल्लंस, कुठे दुखतंय का. दुखतंय म्हणणारीला त्या बसवून ठेवायच्या. एका वर्षी संघ आठच जणींनिशी खेळला आणि हरला. मुली रुसल्या, बाईंनी ऐकून घेतलं.

तीन वर्षांनी संकठा घाटाच्या पायऱ्यांवर बकुळ भेटली. एका हातानं भिंत धरून उतरत होती.

"अजून दुखतो का गं?"

"जाड्यात ठणकतो, थंडी पडली की," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

बाईंनी हात पुढे केला. बकुळनं तो धरला आणि शेवटच्या चार पायऱ्या दोघी हळूहळू उतरल्या.