बिरूच्या किंकाळीला हसू नका

सरांनी माझ्या भावाच्या कानाखाली वाजवली तेव्हा माईक चालू होता.

आवाज कोरडा आला. स्टुडिओच्या भिंतींना काळा फोम लावलेला. तिथे काही घुमत नाही. थोबाडीत बसते आणि जागेवरच संपते. माझ्या डोक्यावर हेडफोन होता, म्हणून ती थोबाडीत मला माझ्याच दोन्ही कानांत ऐकू आली. मग बिरू ओरडला. आईच्या नावाने नाही, देवाच्या नावाने नाही. नुसता ओरडला आणि कान धरून खाली बसला.

सर काचेकडे वळून म्हणाले, "आलं बघ! हेच पाहिजे होतं मला. सेव्ह कर."

काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टने अंगठा वर केला.

सिनेमा लहान मुलांचा होता. कार्टूनचा. बंधुभाव शिकवणारा.

मी सांगलीत विश्रामबागेत शिकतो. गाव माण तालुक्यात. आम्ही मेंढरंवाले. पावसाळा सरला की तात्या, आई आणि बिरू मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठाला उतरतात. ऊस तुटला की मोकळ्या रानात मेंढरं बसवायची ही जुनी रीत. मेंढरांनी रात्रभर रानात बसायचं, त्यांच्या लेंड्या-मुताने रान पिकायचं. त्याच्या बदल्यात आम्हाला मेंढरांभोवती जाळी मारायला जागा, विहिरीचं पाणी, थोडं धान्य. त्यांच्या उसाला जो जोर येतो तो आमच्या मेंढरांचा. पण आम्ही त्यांच्या रानात 'राहतो', असं ते म्हणतात. आणि आम्हीही तसंच म्हणत आलो.

ते रान सरांच्या घरचं. तात्या त्यांना धाकलं मालक म्हणतात. सर पुण्यात शिकून आले, विश्रामबागेत डबिंगचा स्टुडिओ टाकला. बाहेरदेशचे सिनेमे मराठीत करतात. मी चौकात उभा राहून पत्रकं वाटतो, सभेत बोलतो. माईक नसला तरी मागच्या माणसापर्यंत माझा आवाज जातो. तो त्यांनी कुठेतरी ऐकला.

"तुझी भाषा ओरिजिनल आहे," ते म्हणाले होते. "मेंढपाळांचे आवाज पाहिजेत मला. आणखी एक आण. तुझा भाऊ आहे ना रानात? एकदम रॉ."

मी बिरूला आणलं. तो अंघोळ करून, नवी टोपी घालून आला. जिना चढताना म्हणाला, "दादा, आपुन आता पिच्चरमदी. मेंढरं वळखत्याल का मला?"

आधी त्यांनी आम्हाला सिनेमा दाखवला. दोन लांडगे, सख्खे भाऊ. थोरला घमेंडी. धाकटा पुरात वाहून जातो. त्याला शोधताना थोरल्याला एक पोरकं कोकरू भेटतं. त्याला खायचं सोडून तो त्याला पाठीवर घेतो. कोकरू रडतं तेव्हा त्याला आपला धाकटा रडल्यासारखं वाटतं. तिथून तो शहाणा होत जातो. खोटं सांगणार नाही, सिनेमा चांगला होता. बिरू हरखला. कोकरू पाण्यात पडलं तेव्हा त्याने माझं मनगट आवळलं. मग हळूच म्हणाला, "नाळ वाळली नसंल आजून त्येची. एवढं पळतंय कसं गा?"

मग पडद्यावर माणसं आली. सुटलेली पोटं, नाकात शेंबूड, हातात दांडकी, घोंगड्या. मूळ सिनेमात ती बोलत नाहीत, नुसती गुरगुरतात. मराठीत त्यांच्या तोंडी वाक्यं घातली होती.

"हे तुम्ही," सर म्हणाले. आणि हसले.

कागदावर लांडगे बोलत होते, "दादा, मला एकटं टाकून जाऊ नकोस." मेंढपाळ बोलत होते, "मारा रं त्या लांडग्याला! ठेचा! जित्ता सोडू नगा!" जनावराला पुस्तकातली भाषा. आम्हाला आमची. आमची भाषा तिथे फक्त ठेचायला होती.

बिरू माईकसमोर उभा राहिला. पडद्यावर लांडगा आला. बिरूने तोंडाला हात लावला आणि रानात घालतो तशी हाक घातली, "हाऽऽ धाकल्या! वाटा घितलास न्हवं? जा आता!"

काचेपलीकडे हशा उठला.

"हे काय?" सर म्हणाले. "लिहिलंय ते म्हण."

बिरू माझ्याकडे बघायला लागला. त्याच्या तोंडून ते वाक्य निघेना. निघणार नव्हतंच. आमच्याकडे कळपावर असताना लांडग्याचं नाव घेत नाहीत. त्याला धाकला म्हणतात. तात्या सांगतात, तो आपला धाकटा भाऊ. वाटणीच्या वेळी थोरल्याने सगळी मेंढरं ठेवून घेतली, त्याला काही दिलं नाही. म्हणून तो येतो, आपला वाटा उचलतो, जातो. त्याला हाकलायचं. कुत्री सोडायची. पण ठार मारायचं नाही. भाऊ आहे.

मी हे सरांना सांगितलं. त्यांनी ऐकलं. मान पण हलवली.

"भारी आहे रे," ते म्हणाले. "पण आपला मेसेज वेगळा आहे. प्राणी निरागस, माणूस क्रूर. मुलांना सोपं करून द्यावं लागतं." मग काचेकडे वळून, "ऐकलंस का? हे लांडग्यांचे भाऊ! चेहऱ्यावरून वाटतंच."

पुन्हा हशा.

 रान त्यांचं होतं. तात्यांची मेंढरं तिथे बसली होती. मेंढपाळाची ती वाक्यं मी म्हटली. बिरूला त्यांनी दुसरं काम दिलं. एक मेंढपाळ स्वतःच खणलेल्या खड्ड्यात पडतो आणि बाकीचे त्यालाच लांडगा समजून बडवतात. विनोदी जागा होती ती. बिरूने फक्त ओरडायचं.

त्याला जमेना. कुणी मारत नसताना कसं ओरडायचं हे त्याला कळेना. तो लाजून हसायचा.

"मेंढरासारखं काय करतोस? माणसासारखं ओरड."

बिरू ओरडला.

"खोटं."

परत ओरडला.

"खोटं! मुलं हसली पाहिजेत."

मग सर आत आले. शांतपणे दार लावून घेतलं. बिरूच्या डोक्यावरचा हेडफोन दोन्ही हातांनी काढला, खुंटीला नीट अडकवला. बिरूला वाटलं काम संपलं. त्याने टोपी सारखी केली. आणि कानाखाली बसली.

इथूनच मी सांगायला सुरुवात केली होती.

पण त्यांचं एवढ्यावर भागलं नाही. पडद्यावर दांडकी सपासप बसत होती. एक किंकाळी पुरणार नव्हती. सरांनी हात झटकला. त्यांच्या तळव्याला लागलं होतं. मला म्हणाले, "आता तू मार. मारताना लागलेला तुझा दम आणि त्याचं ओरडणं, दोन्ही एकदम मिळेल. नॅचरल येईल. ये, लवकर. भावालाच मारायचंय, परक्याला नाही."

मी हललो नाही.

बिरू उठला. डावा गाल लाल, वर बोटं उमटलेली. माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हळू बोलला, पण माईक चालू होता. सगळ्यांना ऐकू गेलं.

"मार दादा. मला काय हुईत न्हाई. तात्या त्येंच्या रानात हायती."

आणि त्याने डोळे मिटले. गाल पुढे केला.

मी आजवर पुष्कळ भाषणं ठोकली. पिळवणूक, गुलामी, सगळे शब्द मला पाठ. पण गुलामी म्हणजे काय ते मी त्या दिवशी बघितलं. धाकटा भाऊ गाल पुढे करून उभा आहे आणि थोरल्याला सांगतोय, मार. कुणी त्याला धरलेलं नाही. कुणी बांधलेलं नाही. विहिरीचं पाणी आणि मोकळं रान, एवढंच. मालकाला हात उचलावासुद्धा लागत नाही. तो आमचेच हात वापरतो.

हात माझा होता. तो माझ्या हुकमात आहे की त्यांच्या, एवढंच ठरायचं होतं.

मी हेडफोन काढला. माईकजवळ गेलो.

"न्हाई."

"काय?"

"न्हाई मारणार. माझा भाऊ हाय त्यो."

"अरे अ‍ॅक्टिंग आहे ही!"

"मग तुमच्या भावाला बोलवा. त्येला मारतो. बघू कसा आवाज येतोय."

काचेपलीकडे या वेळी कुणी हसलं नाही.

सरांनी माझी कॉलर धरली. शिवी दिली. आमच्या जातीला दिली, मेंढरांना दिली, आईला दिली. मी ढकललं. ते माईकच्या स्टँडवर जाऊन आदळले. ड्रायव्हर आणि त्यांच्या रानातला एक गडी आत धावले. तो गडी आमच्या तळावर येऊन ताक पिऊन जाणारा. त्याने स्टँडची लोखंडी नळी उचलली. माझ्या पाठीवर घातली, खांद्यावर घातली. बिरू मध्ये आला. नळी त्याच्या डाव्या कानावर बसली. जिन्यावरून आम्हाला लाथांनी खाली लोटलं. बिरूची नवी टोपी वरच राहिली. रस्त्यावर क्लासला जाणारी पोरं-पोरी थांबून बघत होती. बिरूच्या कानातून रक्त मानेवर उतरत होतं आणि तो मलाच विचारत होता, "तुला लागलं का रं दादा?"

चौकीत साहेब म्हणाले, "स्टुडिओत मारामारीचा सीन असतोच की." आणि पंख्याचं बटण दाबायला उठले.

तळावर पोचलो तेव्हा मालकांचा ट्रॅक्टर येऊन गेला होता. जाळीवरून सरळ चालवला होता. मेंढरं पांगली होती, बांधाबांधाने ओरडत होती. एक कोकरू चाकाखाली गेलं होतं. त्याची आई त्याला चाटत होती. चपटं झालेलं कोकरू ती चाटत होती. पुढे सिनेमातल्या कोकरासाठी मुलं रडली. या कोकरासाठी तिथे पार्श्वसंगीत नव्हतं.

तात्या पागोटं हातात घेऊन उभे होते. मी झालं ते सांगितलं. त्यांनी बिरूचा कान बघितला.  मग म्हणाले, "येक थोबाडीत खाल्ली आस्ती, तर रान ऱ्हायलं आस्तं."

बिरू उत्तरला. तात्यांना उलटून बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं.

"येक न्हवती ती, तात्या. त्येला सवय लागली आस्ती. आन् आपल्याला बी."

तात्या पागोटं बांधून वळले. घोड्यावर बोजा लादायला लागले. आईने कोकराला खड्डा केला.

बिरूला डाव्या कानाने आता ऐकू येत नाही. त्या बाजूला मेंढराच्या गळ्यातली घंटी वाजली तर त्याला कळत नाही. मेंढरं चरायला नेताना तो मान वाकडी करून चालतो, उजवा कान कळपाकडे धरून.

सिनेमा आला. कराडला एका सभागृहात शाळांच्या मुलांसाठी खास खेळ ठेवला होता. दारावर फलक. बंधुभाव, संवेदना, संस्कार. मी जाणार होतो. बिरू म्हणाला, मीबी येतो. आम्ही मागे बसलो. तो माझ्या डाव्या हाताला, उजवा कान पडद्याकडे करून.

ती जागा आली. शेंबडा मेंढपाळ खड्ड्यात पडला. दांडकी उठली. आणि बिरूची किंकाळी आली. तीच. सेव्ह केलेली. एकच होती म्हणून त्यांनी तीच पुन्हा पुन्हा जोडली होती. प्रत्येक दांडक्याला तीच थोबाडीत, प्रत्येक दांडक्याला तोच बिरू.

सभागृह हसलं. मुलं पोट धरून हसली. त्यांच्या बाईही हसल्या. पुढे कोकरू एकटं पडलं तेव्हा तीच मुलं मुसमुसली. मुलांवर माझा राग नाही. कुणासाठी रडायचं आणि कुणाला हसायचं हे त्यांना शिकवून झालं होतं.

दिवे लागले. सर स्टेजवर आले. हातात गुच्छ. म्हणाले, "मुलांनो, दुसऱ्याची वेदना ज्याला ऐकू येते, तोच खरा मोठा होतो."

मी उठणार होतो. माझं भाषण तयार होतं. पण माझ्याआधी बिरू उठला. त्याने भाषण केलं नाही. त्याला करता येत नाही. त्याने तोंड उघडलं आणि तीच किंकाळी दिली. आता कुणी मारत नव्हतं. तरी जशीच्या तशी आली. त्या दिवसापासून त्याच्या अंगात ती होतीच.

सभागृहाला फोम नव्हता. किंकाळी घुमली. छताला लागून परत आली.

कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतली एक मुलगी वळली. तिने पडद्याकडे बघितलं, मग बिरूकडे. तिला कळलं. मी तिच्या तोंडावर ते बघितलं.

माणसं धावून आली. आम्हाला दंडाला धरून बाहेर काढलं. दारापर्यंत मी ओरडत होतो, "हा आवाज खरा हाय! ह्येला मारून काढलाय!" पाठीत बुक्के बसले. या वेळी बिरूने गाल पुढे करून 'मार' म्हटलं नाही. त्याने मारणाऱ्याचं मनगट धरलं आणि सोडलं नाही.

हा सिनेमा आता तालुक्या-तालुक्याला दाखवणार आहेत. दाखवा. साताऱ्याला, सांगलीला, जिथे फलक लागेल तिथे दारात आम्ही दोघे असू. माझ्या हातात तुम्ही आता वाचताय ते हे पत्रक असेल. आत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला आम्ही सांगू, लांडगा आमचा भाऊ आहे, कोकरू आमचं आहे आणि खड्ड्यातला माणूस हा इथे उभा आहे, त्याच्या उजव्या बाजूला येऊन बोला.

किंकाळी सिनेमातून काढेपर्यंत हटणार नाही. कानाचा जाब घेतल्याशिवाय तर नाहीच.

रान गेलं. जाऊ दे. हात माझा आहे. तो भावावर उठणार नाही, कुणाच्या पाण्यासाठी नाही, कुणाच्या रानासाठी नाही. आणि बिरूवर पुन्हा ज्याचा हात उठेल, तो हात गालापर्यंत पोचणार नाही.