चाकं पाठवत नाही

आमच्या गल्लीतल्या भावमामींच्या नवऱ्याला बाजारात जायची भीती वाटते. टोमॅटो आणले की मामी एकेक उजेडात धरून बघतात आणि दोन परत पाठवतात. बिचारा परत जात नाही, कोपऱ्यावर उभ्याउभ्या खाऊन टाकतो. मामींना हे ठाऊक आहे. त्यांच्यापासून लपेल असं काही जन्माला यायचंय अजून!

मामी दवाखान्यातल्या खाटा बनवणाऱ्या कारखान्यात खरेदी बघतात. पत्रा, रंग, स्क्रू, सगळं त्यांच्या हातून येतं. खाटांची चाकं मात्र वर्षानुवर्षं एकाच माणसाकडून. त्याला सगळे चाकवाले म्हणतात. चेहरा सदा एरंडेल प्यायल्यासारखा. नमस्कार केला तरी "काय काम आहे?" विचारणारा.

नव्या साहेबांना तो डोळ्यासमोर नको होता. त्यांना एक गुळगुळीत वितरक सापडला होता. काहीही मागा, "झालंच समजा!" नावच पडलं त्याचं, झालंच-समजा.

"वर्षाचं काम त्यालाच देऊ," साहेब म्हणाले.

"एवढी खेप चाकवाल्यांकडून येऊ द्या," मामी म्हणाल्या. "चुकली तर मी खरेदी सोडून गोदामात बसते."

बोलून गेल्या आणि जीभ चावली. गोदामात म्हणजे खोकी मोजत म्हातारं व्हायचं. मामींचा जीव भाव करण्यात!

खाटा जायला आठवडा उरला आणि चाकवाल्यांचा फोन आला.

"मामी, चाकं तयार आहेत. पाठवत नाही."

"अहो, माझ्या मुळावर उठलात का?"

"ब्रेक घसरतोय. ब्रेकच्या पट्ट्यांचा अख्खा लॉट खराब निघाला. पेशंट उतरताना खाट सरकली तर? तुम्ही झोपाल का तीवर?"

मामींना गोदामातली खोकी दिसू लागली, पण राग काही येईना. वाईट बातमी वेळेवर सांगणारा माणूस त्यांना बत्तीस दात दाखवणाऱ्यापेक्षा जवळचा. नवराही असाच पसंत केला होता. बघायला यायला उशीर होणार, असं त्यानं आधीच कळवलं होतं.

"मग आता?" त्यांनी विचारलं.

"पुलापलीकडच्या माझ्या दुश्मनाकडे तीच चाकं आहेत. जाऊन आलो. त्यानं आधी शिव्या दिल्या, मग चाकं कबूल केली. परवा येतील."

मामींनी जसंच्या तसं साहेबांच्या कानावर घातलं. साहेब उसळले. "बघितलंत? ऐन वेळी हात वर!" त्यांनी तिथल्या तिथे झालंच-समजाला फोन लावला, तोही स्पीकरवर.

"परवापर्यंत चाकं मिळतील?"

"झालंच समजा, साहेब!"

"उद्या?"

"झालंच समजा!"

मामींना राहवेना. त्या पुढे वाकल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "काल दुपारी जमेल का हो?"

"झालंच समजा, मॅडम!"

साहेबांनी फोन ठेवला. मिशीआड काहीतरी हललं. हसू होतं की ठसका, देव जाणे. "येऊ द्या दुश्मनाची चाकं," एवढंच म्हणाले.

ठरल्या दिवशी सकाळी फाटकाशी टेम्पो लागला. टेम्पो दुश्मनाचा, दुश्मन स्वतः चालवत होता आणि शेजारी चाकवाले, दोघांची तोंडं दोन दिशांना. चाकं बसली. साहेब स्वतः खाटेवर आडवे झाले, म्हणाले, "ढकला!" चौघांनी जोर लावला. खाट तसूभर हलली नाही.

साहेब आडव्यानंच छताकडे बघत म्हणाले, "मामी, वर्षाचं काम चाकवाल्यांना द्या. आणि अडीनडीला ह्या दुसऱ्यांचं नावही लिहून ठेवा."

मामींचा जीव भांड्यात पडला. पदर खोचून त्या चाकवाल्यांकडे वळल्या. "चला, आता वर्षभराचं काम म्हटल्यावर भाव उतरवायला हवा तुम्ही."

चाकवाल्यांनी कपाळाला हात लावला आणि सकाळपासून पहिल्यांदा दुश्मनाकडे वळून म्हणाले, "बघ! तू बरा. नुसत्या शिव्या देतोस."