पाठमोरे फोटो

तमिळ मुलखातल्या आमच्या अंबत्तूरच्या गल्लीत तो दर रविवारी सकाळी कॅमेरा घेऊन यायचा. तो तंजावरकडचा मराठी आणि मीही मराठी, म्हणून माझ्याशी मराठीत बोलायचा. नाव मी कधी विचारलं नाही. पाण्याच्या लॉरीपुढची घागरींची रांग, कारखान्यातून सुटलेल्यांचे काळे हात, गंजलेली शटरं, असलं सगळं तो टिपायचा. माणसं मात्र पाठमोरीच. फोटो काढून झाला की त्या पाठीला हळूच नमस्कार करायचा.

रांगेतल्या बायका चिडवायच्या, "सार, आमच्या तोंडाला काय झालंय?"

एकदा तो मला म्हणाला, "न विचारता तोंड कसं घ्यायचं, अक्का? आणि विचारलं की माणूस खोटं हसतो." मला ते पटलं. मीही कुणापुढे मान वर करत नाही.

मग गल्लीतल्या फुलवालीची सात वर्षांची मुलगी तापाने गेली. इकडच्या रीतीने सोळाव्या दिवशी पूजेला फोटो लागतो, आणि घरात तिचा एकही नव्हता. फुलवालीने त्याला गाठलं. "सार, तुम्ही तर दर आठवड्याला काढत होता!"

त्याने आठ दिवस जुन्या फिल्मा धुंडाळल्या आणि एकच फोटो आणला. मुलगी घागर घेऊन चाललेली, तेल लावलेल्या वेणीत अबोलीचा गजरा.

मी शेजारीच उभी होते. फुलवालीने ओले हात पदराला पुसून फोटो घेतला, बराच वेळ पाहिला. मग चेहरा दुसऱ्या बाजूला असेल, अशा आशेने तिने तो उलटा केला. मागे नुसता पांढरा कागद होता.