एकाच नावाच्या दोन बाटल्या

झोर्नित्सा स्वीडनला गेली, तेव्हा ल्युबेन तासेवनं तिच्या बॅगा स्टेशनपर्यंत वाहिल्या आणि परत येऊन तिची काचेची भांडी धुऊन ठेवली. सोफियातल्या आमच्या संस्थेत तो तीस वर्षं प्रयोगशाळा-सहायक होता. मी त्याच मजल्यावर टायपिस्ट. त्या काळात एकेक करून सगळे परदेशी गेले आणि मजल्यावर उघडी दारं दोनच राहिली, त्याचं आणि माझं.

झोर्नित्सा तिथं संशोधक होती; साखरेपासून साबण बनवायची. ल्युबेननं मला एकदा ते समजावलं होतं.

"याच्या कणाला साखरेचं डोकं असतं आणि तेलाची शेपटी. डोक्याला पाणी हवं, शेपटीला नको. थोडेच कण असले तर ते पाण्याच्या वर येऊन बसतात, शेपट्या हवेत. वरची जागा भरली की उरलेले पाण्यातच घोळका करतात. शेपट्या आत, डोकी बाहेर."

"त्यांना कोण सांगतं?"

"कुणी नाही. शेपट्या पाणी टाळतात, एवढंच."

पाण्यातून प्लॅटिनमची कडी वर ओढायला किती जोर लागतो, ते तो मोजायचा. साबण वाढवत गेलं की जोर कमी होत जातो आणि एका ठिकाणी थांबतो; पुढं कितीही घाला, फरक नाही. घोळके बनायला लागतात ती हीच जागा.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत इमारतीतली हीटिंग बंद पडली. आम्ही कोट घालून काम करत होतो. एका सकाळी ल्युबेननं मला हाक मारली. टेबलावर झोर्नित्साच्या दोन बाटल्या होत्या. दोन्हींवर तेच नाव, तेच प्रमाण, फक्त तारखा वेगळ्या. एक स्वच्छ पाण्यासारखी. दुसरीच्या तळाशी पांढऱ्या स्फटिकांच्या सुया साचलेल्या.

"खराब झाली असेल," मी म्हणाले. "टाकून द्या."

"तिनं बनवलीय," तो म्हणाला, आणि दोन्ही बाटल्या कोटाच्या आत घालून घरी घेऊन गेला.

जिन्यात त्याच्या शेजारणीनं, पेन्काबाईनं, त्याला गाठलं. "काय हो तासेव, छातीशी काय धरलंय? रकियाची बाटली असेल तर आम्हालाही बोलवा की!"

"साबण आहे."

"अरे देवा! स्तांकावहिनीला जाऊन चार वर्षं झाली, आता साबणाशी संसार?"

तो हसला म्हणे. ती खाली गेली, तरी बराच वेळ वरून कुलुपात किल्ली फिरवल्याचा आवाज येत होता. हे मला पेन्काबाईनंच सांगितलं.

घरी त्यानं बाटल्या शेगडीजवळ ठेवल्या. सुया विरघळल्या, दोन्ही सारख्याच स्वच्छ. बाल्कनीत ठेवल्या, तर एकीतच पुन्हा सुया. असं पाच वेळा केलं. मग जवळच्या शाळेत, जिथं हीटिंग चालू होती, गरम पाण्याच्या टाकीत भांडं बसवून त्यानं दोन्ही मोजल्या. घोळके बनायची जागा जवळजवळ तीच आली. साबणात मळ असता तर जोराच्या आलेखात त्या जागी खड्डा पडला असता. तो पडला नव्हता.

त्यानं पोस्टातून झोर्नित्साला फोन लावला. मी बरोबर होते.

"काका, भांडं नीट धुतलं होतंत ना?"

"झोरे, तीस वर्षं भांडीच धुतोय मी."

त्यानं थंडीतल्या सुया आणि आलेख, दोन्ही तिला सांगितलं. मग ती एकदम ओरडलीच. "काका! एकीत शेपटी साखरेला एका बाजूनं जोडलेली असणार, दुसरीत दुसऱ्या. एवढाच फरक. म्हणून एक जात थंडीत गच्च रचून बसते आणि दुसरीला ते जमत नाही. सगळे आकडे पाठवा, लगेच!"

"पाठवतो."

"आणखी काही?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. लोणचं घातलंय, तिच्या खोलीतलं झाड जगवलंय, हे सांगायचं असं वाटेत तो मला म्हणाला होता.

"नाही," तो म्हणाला. "बाकी सगळं ठीक."

पुढच्या वर्षी तिचा लेख छापून आला. इंग्रजी येत नाही म्हणून ल्युबेन तो माझ्याकडे घेऊन आला. शेवटी बारीक अक्षरांत आभार होते. त्याचं नाव होतं, बिनचूक. मी दोनदा वाचून दाखवलं.

"यात तिचा पत्ता आहे का?" त्यानं विचारलं.

होता, पण तो आता स्वीडनचा नव्हता. ती अमेरिकेला गेली होती आणि आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यानं खिशातून पेन्सिल काढली. मी एकेक अक्षर सांगत गेले आणि तो हळूहळू उतरवून घेत राहिला.