साडूच्या मोटारसायकलचं पासिंग

माझ्या धाकट्या साडूने मोटारसायकल आणली तेव्हा मी श्रीगोंद्याच्या तहसील कचेरीत पुरवठ्याच्या टेबलावर कारकून होतो. दुष्काळाचं साल होतं. रेशनकार्डात नाव चढवून घ्यायला लोक दिवसदिवस माझ्या टेबलापुढे उभे राहायचे आणि मला साहेब म्हणायचे. साहेब मी नव्हतो, पण कुणाला सुधारायलाही जात नव्हतो. स्कूटरसाठी नाव नोंदवून मला चार वर्षं झाली होती, आणि नंबर कधी लागेल असं विचारलं की दुकानदार नुसता हसायचा. अशात हा कालचा पोरगा, साखर कारखान्यातला फिटर, म्हैसूर राज्यातून कुणाची तरी वापरलेली मोटारसायकल घेऊन फटफट करत सासऱ्यांच्या दारात उतरला. खरं सांगतो, माझ्या पोटात दुखलं.

नुसत्या गाडीचं असतं तर मी पचवलं असतं. दुखणं जुनं होतं. मी सहा वर्षांचा असताना माझे वडील गेले. लग्न झालं तेव्हा बायको मिळाल्याइतकाच सासरा मिळाल्याचा मला आनंद झाला होता. मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, दोन मुलीच. मुलगा नव्हता. मोठा जावई म्हणून ती मोकळी जागा आपोआप आपली, असं मी मनाशी धरून चाललो होतो. तसलं आपोआप काही होत नसतं. धाकटीचं लग्न झालं आणि वर्षभरात हा गडी चुलीपुढे फतकल मारून सासूबाईंकडून भाकरीचा पापुद्रा मागून खाऊ लागला. मला मात्र पाट, पाटाभोवती रांगोळी, घासून लखलखीत केलेलं तांब्याभांडं. मी जेवत असेपर्यंत मामा दाराशी उभे राहायचे, वाढण्यात काही उणं पडू नये म्हणून. त्याला म्हणायचे, "आरं, ती विहिरीवरची मोटर बघ जरा, पानी वढंना." आणि मी उठायला लागलो की, "जावईबापू, तुमी कशाला उन्हात? कापडं खराब हुतील."

हा मान मला हवाही होता, ते लपवत नाही. एका दिवाळीला चुकून माझ्याआधी त्याला ओवाळलं गेलं, तर मी दोन दिवस कुणाशी धड बोललो नव्हतो. बायको म्हणाली, "लहान पोरासारखं काय करता?" पण मामांनी ते मनावर घेतलं. त्यानंतर त्या घरात माझ्या मानात कधी कसूर झाली नाही.

तर मोटारसायकल. तिच्यावर म्हैसूरचा नंबर होता, आणि नगरच्या रस्त्यावर पोलिसाने तिला दोनदा अडवलं. इथला नंबर घ्या, नाहीतर गाडी चौकीला लावा, असं दुसऱ्यांदा बजावलं. तिकडचा ना हरकत दाखला त्याने आणला होता. अडलं होतं राहण्याच्या पुराव्यावर. कारखान्यात त्याला अजून क्वार्टर मिळालं नव्हतं, दोघा-तिघांत मिळून एका खोलीत तो राहायचा. मूळ घर पाथर्डीकडचं. तिथे भाऊ वेगळे झाले तेव्हा त्याचं नाव कार्डातून कमी झालेलं. थोडक्यात, हा माणूस जिल्ह्यात राहतो असं सांगणारा एकही कागद जिल्ह्यात नव्हता. आणि रेशनकार्डाचा माणूस, म्हणजे मी, घरातच होतो.

तो माझ्या टेबलाशी आला तो इतरांसारखा रांगेतून. म्हणाला, "दादा, तुमच्या कार्डात माझं नाव तेवढं चढवा. नंबर मिळाला की काढून टाका."

मी त्याला बसही म्हटलं नाही. नियम सांगितले. नियम खरे होते, पण मी ते ज्या चवीने सांगितले ती चव नियमांची नव्हती. आणि मग अगदी सहज सुचल्यासारखं म्हणालो, "मामांच्या कार्डात चढवता येईल. बायको बाळंतपणापासून तिथंच आहे तुमची. तुम्हीही आठवड्याला येताच."

त्यात काय मेख होती ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. सासऱ्याच्या कार्डात नाव, म्हणजे घरजावई. पारावर बसणारा कुणीही त्याला त्या नावाने हाक मारायला मोकळा. पाथर्डीकडचा ताठ गडी, एक वेळ गाडी विकेल पण हे करणार नाही, असा माझा हिशेब होता. गाडी विकली जावी हीच माझी इच्छा होती.

तो म्हणाला, "मामांना चालत असंल तर मला काय?"

आणि मामांना चालत होतं. नुसतं चालत नव्हतं, दुसऱ्या दिवशी ते स्वतः कार्ड घेऊन सात मैल चालत कचेरीत आले. धोतर धुतलेलं, खांद्यावर कोरा पंचा. कार्ड टेबलावर ठेवून म्हणाले, "चढवा पोराचं नाव, जावईबापू." घरात बारसं असावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. त्यांच्या घरच्या माणसांत त्याचं नाव मी माझ्या हाताने लिहायचं, हे माझ्या अंगावर आलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

नाव लिहिलं. वय लिहिलं. पुढचा रकाना कुटुंबप्रमुखाशी नात्याचा. तिथे 'जावई' लिहायचं, एवढंच. मी वळणदार अक्षरात 'घरजावई' लिहिलं. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, शिक्का मारला आणि कार्ड मामांच्या हातात दिलं. मामांना वाचता येत नव्हतं. त्यांनी कार्ड कपाळाला लावलं आणि पंच्यात गुंडाळलं. त्या रात्री मला झोप चांगली लागली, हेही सांगून टाकतो.

तीन आठवड्यांनी पासिंगचा दिवस ठरला आणि मामांचा निरोप आला. जावईबापू कचेरीतले, ते सोबत असले म्हणजे काम होईल. मी यष्टीने नगरला गेलो. ते दोघे मोटारसायकलवरून माझ्याआधी पोहोचले होते. मामांचे डोळे वाऱ्याने लाल झाले होते आणि ते लहान मुलासारखे हसत होते.

आरटीओ कचेरीच्या आवारात ट्रक, जीपगाड्या, ट्रॅक्टर ओळीने उभे होते. भिंतीच्या सावलीत नंबराच्या पाट्या रंगवणारा एक पेंटर बसला होता. चेसिसवर कोरलेल्या नंबराचा ठसा कागदावर घेऊन अर्जाला जोडायचा असतो. कोऱ्या कागदाची पट्टी त्या आकड्यांवर धरायची आणि वरून पेन्सिल घासायची. मामा मोटारसायकलशेजारी उकिडवे बसले. पट्टी दोन बोटांनी त्यांनी ताणून धरली, साडूने पेन्सिल घासली. एकेक आकडा उमटायला लागला तसे मामा "आला, आला" म्हणत होते. मी पुढे झालो, म्हणालो, "मी धरतो." मामा घाईने म्हणाले, "छे छे, तुमी सावलीत व्हा. ग्रीस लागंल."

मी सावलीत झालो.

गाड्या तपासणाऱ्या साहेबांनी हॉर्न वाजवून पाहिला, ब्रेक पाहिला, गाडी आवारात एक चक्कर फिरवायला लावली. मग टेबलाशी बसून कागद उलटायला लागले. रेशनकार्डाशी थांबले. मोठ्याने वाचलं, "नाते, घरजावई?" आणि चष्म्यावरून साडूकडे पाहिलं. आजूबाजूला एजंट, ड्रायव्हर, क्लीनर उभे होते, ते फिसकन हसले. एकाने कुणाला तरी कोपर मारलं.

याच क्षणाची मी वाट पाहिली होती. तो आला आणि मी भिंतीकडच्या पेंटरकडे बघायला लागलो.

मामांनी विचारलं, "काय लिवलंय, साहेब?"

साहेबांनी परत वाचून दाखवलं. मामांचा चेहरा उतरला. "घरजावई? मी न्हाई असं सांगितलं. कुनी लिवलं ह्ये?"

साडू दचकला नव्हता. म्हणजे त्याने ते आधीच वाचलं होतं. अर्जासाठी मामांनी दिलेलं कार्ड तीन आठवडे त्याच्याच खिशात होतं, आणि तीन आठवडे तो मला भेटला की "दादा, चहा घेणार का" म्हणत होता. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "मीच सांगितलं, मामा. म्हटलं, भानगड नको. हाय ते लिवा."

 मामा साहेबांकडे वळून म्हणाले, "लिवा साहेब, काय लिवायचं ते लिवा. कागदावर काय बी आसंना. माजा लेक हाय त्यो. माज्या घरी ऱ्हातो."

कुणी हसलं नाही. साहेबांनी शिक्का मारला.

नव्या नंबराची पाटी पेंटरने रंगवली, ती वाळायला लावून आम्ही चहा प्यालो. साडूने माझ्या कपात साखर जास्त घालायला सांगितली, मला गोड लागतो म्हणून. मी काही बोलू शकलो असतो. तीन शब्दांचं काम होतं, "मी लिहिलं ते." ते माझ्याच्याने झालं नाही.

मग ते दोघे मला सोडायला यष्टी स्टँडवर आले, गाडी हाताने ढकलत. श्रीगोंद्याची गाडी लागत होती आणि दुष्काळी कामावरच्या लोकांची ही झुंबड. मी म्हणणार होतो की तिघं मोटारसायकलवरूनच जाऊ, मी मागे कसाबसा बसतो, लोक बसतातच की. तोंड उघडायच्या आत मामा गर्दीत घुसले. साठीचा माणूस, कोपराने वाट काढत, चालत्या गाडीबरोबर पळत गेला. खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी खिडकीतून आत सीटवर टाकला आणि धापा टाकत परत आले. "जावईबापू, खिडकीची जागा धरलीय तुमाला. उभं ऱ्हायला लागू न्हाई. बसा निवांत."

मी जाऊन बसलो. खिडकीतून पाहिलं. साडूने किक मारली. मामा मागे बसले आणि दोन्ही हात त्याच्या कमरेभोवती घालून त्यांनी त्याच्या पाठीला छाती लावली. तो मान वळवून काहीतरी म्हणाला, मामा त्याच्या डोक्यात टपली मारून हसले. माझ्या डोक्यात त्यांनी कधी टपली मारली नाही. मारतीलच कशी? मीच तर त्यांना दोन दिवस अबोला धरून शिकवलं होतं, मला कसं वागवायचं ते.

यष्टी नगरच्या बाहेर पडली. एक लेकुरवाळी बाई शेजारी उभी होती, तिला जागा द्यावी असं मनात आलं, पण दिली नाही. मामांचा घामेजलेला पंचा मांडीवर घेऊन मी श्रीगोंद्यापर्यंत तसाच बसून राहिलो.