दवाखान्याच्या वहीतली चंद्रव्वा

चंद्रव्वाला गिरणीत सगळे ईरम्मा म्हणत. ईरम्मा ही तिची थोरली जाऊ, गिरणीत कामाला. १९५३ साली गिरणीच्या दवाखान्यात बाळंत होताना ती गेली आणि पंधरा दिवसांत सासऱ्यानं तिचं हजेरीचं तिकीट धाकट्या सुनेच्या हातात ठेवलं. बाई गेली म्हणून घरातली जागा कशाला घालवायची? सूत गुंडाळायच्या रिळिंग खात्यातल्या जॉबरला, म्हणजे मुकादमालाही, ते पटलं. कसं पटलं, हे घरात कुणी बोललं नाही. अक्कलकोटहून नुकतीच लग्न होऊन आलेली अठरा वर्षांची चंद्रव्वा मेलेल्या बाईच्या नावाला हजेरी देऊ लागली. जावेचं तान्हं, सिद्धप्पा, तेही तिनंच वाढवलं.

तेवीस वर्षांनी हे नाव तिला अडवायला लागलं. कागदावर ती जावेच्या वयाची होती, म्हणजे दोन वर्षांत निवृत्त. जागा वारसाला मिळायची, आणि ईरम्माचा वारस म्हणजे सिद्धप्पा. रिळिंगात बायकाच लागत, म्हणून त्याची बायको गंगम्मा तयारीतच होती. चंद्रव्वाची स्वतःची मुलगी कमलम्मा नवऱ्यानं टाकल्यावर माघारी आलेली. तिचं नाव गिरणीच्या कुठल्याच कागदात नव्हतं.

तेवढ्यात गिरणी सरकारनं घेतली आणि फर्मान निघालं की, ज्यांची नावं चुकली असतील त्यांनी एकदाच अर्ज करावा. चंद्रव्वानं सात रस्ता चौकातल्या टायपिस्टाकडून प्रतिज्ञापत्र करून आणलं. ईरम्मा आणि चंद्रव्वा एकच, एक नाव माहेरचं, एक सासरचं. म्हणजे चंद्रव्वाची वारस म्हणून कमलम्माला पुढं करता आलं असतं. खोटंच होतं, पण खोट्याची तिला आता सवय होती.

सिद्धप्पानं जेवणाचं ताट सरकवलं.

"अव्वा, माज्या आईचं नाव पुसतीस व्हय?"

"तुज्या आईचं नाव मी तेवीस वर्सं उभी राहून चालवलंय," चंद्रव्वा म्हणाली. "आता लई पाय दुखत्यात."

टाइम ऑफिसातल्या रहिमतुल्ला कारकुनाला साहेबांनी सांगितलं, हे नाव जिथं सापडेल तिथं बदला. रहिमतुल्ला नंतर लागलेला, त्याला आतली गोष्ट ठाऊक नव्हती, आणि काम अर्धवट टाकणं त्याला जमत नसे. महिन्यामागून महिन्याचं मस्टर काढून तो रकान्यावरून बोट खाली नेई. ईरम्मा दिसली की तांबड्या शाईनं काट, वर चंद्रव्वा, शेजारी सही. मग रजेचे अर्ज, मग कार्डं. आठ दिवसांत हाताला इतकी सवय झाली की ओळीत पुढं काय लिहिलंय हे तो वाचेनासा झाला. शेवटी, कुणी सांगितलं नसताना, त्यानं दवाखान्याच्या जुन्या वह्याही मागवल्या.

तपासणीला बसलेल्या साहेबांनी मात्र ओळ पुरी वाचली. चंद्रव्वा, तिकीट नंबर ४१२, बाळंतपणात मयत, १९५३.

रहिमतुल्लानं मागवली नसती, तर ती वही कुणी उघडलीच नसती. साहेब वाईट नव्हते. खरं बाहेर आलं तर ही बाई आजच घरी जाईल आणि चौकशी आपल्या गळ्यात पडेल, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी मार्ग काढला: अर्ज रद्द, सगळीकडचं नाव पुन्हा ईरम्मा. फक्त दवाखान्याच्या वहीतली दुरुस्ती राहू द्यायची. तिथं ईरम्मा पुन्हा लिहिली तर पुन्हा तीच मेलेली. चंद्रव्वा मेलेली राहिली तर कुणाचं काही अडत नव्हतं.

"मग बाई, तुम्ही कोण?" त्यांनी अर्जावर लिहिण्यापुरतं विचारलं.

चंद्रव्वानं कमलम्माचं नाव काढायला तोंड उघडलं. कमलम्मा १९५६ ची. कागदावर मेल्यावर तीन वर्षांनी झालेली पोर ती कुणाला दाखवणार होती?

"जी जित्ती हाय, तीच लिवा की," ती म्हणाली.

ईरम्मा दोन वर्षांनी निवृत्त झाली आणि सुनेला जागा मिळाली. सिद्धप्पानं अव्वाच्या पाया पडून पेढे वाटले. गंगम्माला तुटलेला धागा जोडायला चंद्रव्वानंच शिकवलं. शिकवते कशी म्हणून शेजारणींनी कौतुकही केलं. पहिल्या दिवशी गंगम्मा पाळीला निघाली तेव्हा तिचं सहा महिन्यांचं पोर रडायला लागलं. चंद्रव्वा भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. कमलम्मानं विड्या वळायचं सूप बाजूला केलं आणि पोराला मांडीवर घेतलं.